सोलापूर ते मालवण, पण रात्री नको

प्रश्न: आम्ही सोलापूरचे. जानेवारीच्या शेवटी आईबाबा आणि दोन मुलांना घेऊन कारने मालवणला जायचंय. सगळे म्हणतात रात्री जेवून निघा म्हणजे सकाळी समुद्रावर, रस्त्यात तसंही काही नाही. खरंच काही नाही का?

उत्तर: रात्री नका ना निघू! मी एकदा तसाच गेलो, सांगोल्याच्या आधीच डोळा लागला आणि जाग आली तेव्हा खिडकीत नारळ होते, मधला अख्खा मुलूख झोपेत गेला त्याची हळहळ अजून वाटते. सकाळी ६ ला निघा, कोल्हापूरला मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाटाने उतरा.

मंगळवेढ्याजवळ काळीभोर जमीन आणि नजर जाईल तिथवर ज्वारी दिसेल. ही मालदांडी जातीची ज्वारी पाऊस सरल्यावर वाढते, मातीने धरून ठेवलेल्या ओलीवर, म्हणूनच ती काळी माती एवढी मोलाची. हुरड्याचे दिवस संपत आलेले असतात पण कुणाच्या शेतात आगटी पेटलेली दिसली तर थांबा, आणि कणसं कशी भाजायची, हातावर कशी चोळायची हे आजोबांनाच मुलांना शिकवू दे. सांगोल्याकडे माती हलकी होते, माळ आणि डाळिंबाच्या बागा लागतात. नागज, कवठेमहांकाळच्या पट्ट्यात द्राक्षं आणि बेदाण्याची शेड, हा एकेकाळचा दुष्काळी भाग, म्हैसाळ योजनेने कृष्णेचं पाणी उचलून इथवर आणलं म्हणून बऱ्याच बागा उभ्या आहेत, हे मुलांना नक्की सांगा. मिरजेनंतर ऊसच ऊस, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे वेळ जातो तो धरूनच चला. कोल्हापूरच्या आसपास गुऱ्हाळं चालू असतात, तिथे गरम काकवी खाऊन बघा.

दुसऱ्या दिवशी भोगावतीच्या काठाने राधानगरी, शाहू महाराजांनी सुरू केलेलं धरण. माती लाल होते, कापणी झालेली भातखाचरं दिसतात, मग दाट झाडी. सोलापुरात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि या घाटमाथ्यावर कित्येक हजार! दोन दिवसांत हा फरक मातीत, पिकांत, घरांच्या छपरांत डोळ्यांनी दिसतो. घाट उतरलात की जांभा दगड, काजू, मोहरलेले आंबे, आणि कणकवली, कसालवरून मालवण.

प्रश्न: धाकट्याला घाटात उलटी होते, काय करू?

उत्तर: घाटाआधी पोटभर खायला देऊ नका, थोडं कोरडं काहीतरी चालेल. खिडकी उघडी ठेवा, हातात मोबाईल नको, लांब बाहेर बघायला सांगा. गाडी हळू घ्या. आणि अंधार पडायच्या आत घाट उतरा, दाजीपूरच्या जंगलातले गवे संध्याकाळनंतर रस्त्यावर येतात, दिसला तर हॉर्न न वाजवता लांबच थांबा आणि त्याला जाऊ द्या.