मशीनच्या गिअरबॉक्सचं मेंटेनन्स करताना 12 फुटांवरून पडलो, टाच फ्रॅक्चर. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो 'गाडीवरून पडलो' सांग, खर्च मी करतो. ऐकावं का?

अजिबात नका ऐकू भाऊ. मी पण मेंटेनन्सलाच आहे, चाकणला, आणि ही गाडीवाली स्टोरी इकडे इतकी चालते की ऐकणाऱ्याला वाटावं कारखान्यात कोणी पडतच नाही, सगळे रस्त्यावरच पडतात.

तो खर्च म्हणतोय तो आत्ताचा, प्लास्टर आणि गोळ्यांचा. खरा पैसा पुढे आहे. तुमचा पगार महिना 21,000 च्या आत असेल तर तुम्ही ईएसआयमध्ये (कामगारांचा सरकारी विमा) येता. कामावर पडलो अशी नोंद झाली की डॉक्टर जितके दिवस घरी बसवेल तितके दिवस पगाराच्या साधारण 90 टक्के मिळतात, नोकरीला लागून आठवडा झाला असला तरी. तेच रविवारी फिरायला जाताना गाडीवरून पडलो म्हटलं की तुम्ही आजारपणात जमा, 70 टक्के, ते पण वर्षात 91 दिवस आणि आधी पुरेसे दिवस वर्गणी भरलेली असेल तरच. आणि टाच म्हणजे चिवट दुखणं, पुढे शिडी चढता येईना, फिटरचं काम जमेना झालं तर मेडिकल बोर्ड कायमचं अपंगत्व ठरवून दरमहा पैसे चालू करतं, पण कागदावर गाडी लिहिलेली असेल तर कोणत्या तोंडाने मागणार?

म्हणून केसपेपरवर 'कामावर मशीनवरून पडून' हेच लिहून घ्या. कंपनीने ईएसआयला अपघाताचा रिपोर्ट द्यायचा असतो, फॉर्म 12, त्याची कॉपी मागा, टाळाटाळ केली तर ईएसआयच्या ब्रँच ऑफिसला स्वतः लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कॉन्ट्रॅक्टरने ईएसआयला तुमचं नावच भरलं नसेल (एवढा घाबरलाय म्हणजे मला तीच शंका येते) तरी हक्क बुडत नाही, मूळ कंपनीही जबाबदार असते.

मग म्हणतील सेफ्टी बेल्ट दिला होता, यानेच त्याचा हुक लावला नाही. म्हणू देत. काम कंपनीचंच चाललं होतं ना, मग चूक तुमची दाखवून ईएसआयचे पैसे सहसा अडवता येत नाहीत. आणि हुक लावायचा कशाला? पायाजवळच्या अँगलला लावला असता तर बेल्टचा सहा फुटी दोर, त्यात झटका कमी करणारा शॉक अॅब्सॉर्बर उघडून आणखी लांब होणार, 12 फुटांवरून पडताना दोराने थांबवायच्या आत जमीन आली असती. डोक्यावर अँकर पॉइंट (हुक अडकवायची पक्की जागा) किंवा कठड्याचा प्लॅटफॉर्म देणं हे मॅनेजमेंटचं काम. गिअरबॉक्सचा जाम बोल्ट पान्याला पाइप घालून ओढताना एकदम सुटला की माणूस मागेच फेकला जातो, ऑफिसात बसून रिपोर्ट लिहिणाऱ्याला ते कुठून कळणार.

एक राहिलं, उभे टाचेवर आपटला असाल तर कंबरेचा पण एक्सरे काढून घ्या, धक्का मणक्यापर्यंत जातो आणि टाचेच्या ठणक्यात ते लक्षातच येत नाही.

वर्क परमिटचा (त्या कामाच्या लेखी परवानगीचा) आणि त्या दिवशीच्या हजेरीच्या पंचिंगचा फोटो मिळतोय का बघा. शिडी धरायला जो हेल्पर होता त्याचा नंबर मात्र आजच घ्या, उद्या कॉन्ट्रॅक्टर त्याला दुसऱ्या साइटला पाठवेल.