उद्योजकता शिकता येते का, की धंदा रक्तातच असावा लागतो?

‘रक्तात’ हा शब्द वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. तुम्ही विचारलंय की वय ४१, नोकरी चालू, घरात कुणी कधी धंदा केलेला नाही, तर उद्योजकतेचा कोर्स करावा का आणि सुरुवात कुठून करावी. कोर्सचं नंतर बघू. आधी रक्ताचं.

हेच वाक्य माझ्या मेव्हण्याने मला ऐकवलं होतं, माझा धंदा बंद पडला त्याच आठवड्यात, सगळ्यांसमोर. “भावजी, धंदा रक्तात लागतो.” तेव्हा मी गप्प बसलो.

आमचा धंदा कारखान्यांतल्या कामगारांचे गणवेश शिवून देण्याचा. मी आणि एक मित्र, निम्मी-निम्मी भागीदारी. माल चांगला होता. माझा म्हणून सांगत नाही, तीन गिऱ्हाइकं दुसऱ्यांदा आली होती. मग एक मोठी ऑर्डर आली, २,००० शर्टांची. त्यांना बटणं धातूची हवी होती आणि प्रत्येक बटणावर कंपनीची आद्याक्षरं. अशी बटणं साचा करून काढून घ्यावी लागतात, आणि आमचा बटणवाला २०,००० नगांच्या खाली हात लावायला तयार नव्हता. एका शर्टाला सात, म्हणजे आम्हाला लागणार होती १४,०००. तरी घेतली.

मित्र म्हणाला, ॲडव्हान्स माग, निदान कापड सुटेल एवढा. मी म्हणालो, एवढी मोठी पार्टी, ॲडव्हान्स मागितला तर आपल्याला भुक्कड समजतील. नाही मागितला. वर ९० दिवसांची उधारी मान्य केली, तीही हसत हसत.

आता हिशेब बघा. खरे आकडे सांगत नाही, १०० धरा. १०० च्या विक्रीत कापड ५०, शिलाई २०, बाकी खर्च १०, नफा २०. दरमहा १०० चा माल द्यायचा. कापडवाल्याला रोख, शिलाईवाल्यांना दर शनिवारी. म्हणजे महिन्याला ८० खिशातून जाणार. माल शिवायला एक महिना आणि पोचल्यावर ९० दिवस. पहिला पैसा दिसेपर्यंत चार महिन्यांचे ३२० घातलेले असतात. वहीत मात्र दर महिन्याला २० नफा दिसतो, आपण खूश. ऑर्डर दुप्पट झाली की आणखी खूश, फक्त खड्डा ६४० चा होतो. नफ्यातला धंदा असाच बुडतो. आमच्याकडे होते २०० च्या आसपास. हे गणित मला येत नव्हतं असं नाही. मी ते मांडलंच नव्हतं.

दुसऱ्या महिन्यात त्यांचा खरेदी बघणारा माणूस बदलला. नवा म्हणाला, रंगाची छटा सॅम्पलशी जुळत नाही. सॅम्पल त्यांच्याकडे, आमच्याकडे सही घेऊन ठेवलेला कापडाचा तुकडासुद्धा नाही. कशाशी ताडून दाखवणार? तयार झालेला माल पडून राहिला. दुसऱ्या कुणाला विकावा तर प्रत्येक शर्टावर सात ठिकाणी यांची आद्याक्षरं. एका रात्री आम्ही दोघं बटणं काढायला बसलो. धातूचं बटण कापडात ठोकून बसवलेलं असतं. पक्कडीने उपटलं की भोक राहतं आणि भोवतीचे धागे निघतात. अकरा शर्टांनंतर मित्राने पक्कड खाली ठेवली आणि काही न बोलता घरी गेला.

यात रक्ताचा संबंध कुठे आला? ॲडव्हान्स, सही घेतलेला नमुना आणि कुठल्या तारखेला किती पैसे येणार-जाणार याचा एक तक्ता. तिन्ही गोष्टी एका दुपारी शिकता येतात.

रिचर्ड कँटिलॉन नावाच्या माणसाचं लिखाण त्याच्या मृत्यूनंतर १७५५ मध्ये छापून आलं. त्यात त्याने उद्योजक ओळखायची खूण सांगितली आहे: तो ठरलेल्या भावाने घेतो आणि न ठरलेल्या भावाने विकतो. माझं उलटं झालं. भाव पक्का होता, पैसे कधी येणार एवढंच ठरलेलं नव्हतं. आणि सरस सरस्वती या संशोधिकेने २७ मुरलेल्या उद्योजकांना एक काल्पनिक धंदा उभा करायला देऊन ते विचार कसा करतात हे तपासलं. ही माणसं ‘यातून किती मिळेल’ यापेक्षा ‘किती गेलं तर चालेल’ याचा विचार आधी करतात, असं त्यांना दिसलं. हीसुद्धा शिकता येण्यासारखीच गोष्ट आहे. तुमचा आकडा आजच कागदावर लिहा. नोकरी सोडायची की नाही, ते त्या आकड्यावरून ठरवा.

सुरुवात विक्रीपासून करा. मशीन, जागा, नाव, लोगो, सगळं नंतर. निक स्विनमर्नने १९९९ मध्ये इंटरनेटवर बूट विकायचं ठरवलं तेव्हा माल भरलाच नाही. दुकानांतल्या बुटांचे फोटो काढून टाकले आणि ऑर्डर आली की दुकानात जाऊन बूट विकत घेऊन पाठवले. त्यात नफा नव्हता, पण लोक न घालून बघता बूट घेतात हे कळलं. मित्रमंडळींना ‘कल्पना कशी वाटते’ विचारू नका, छान म्हणायला कुणाचं काही जात नाही. ‘ॲडव्हान्स देतोस का’ विचारा. चेहरे लगेच बदलतात.

वयाची काळजी सोडा. अमेरिकेत सगळ्यांत झपाट्याने वाढलेल्या नव्या कंपन्यांच्या संस्थापकांचं सरासरी वय ४५ निघालं होतं.

कोर्स? शिकवणारा तुम्हाला हिशेब मांडायला लावत असेल आणि पहिल्याच आठवड्यात काहीतरी विकायला बाहेर पाठवत असेल तर जरूर करा. मोठ्याने संगीत लावून ‘स्वप्नं बघा’ सांगणार असेल तर तेच पैसे खेळत्या भांडवलात ठेवा.

एक राहिलं. काही धंद्यांत उधारी दिल्याशिवाय दारात उभंच करत नाहीत. तिथे माझा ॲडव्हान्सचा हट्ट चालणार नाही. लवकर पैसे देणाऱ्याला सूट द्या आणि उधारीचे दिवस धरूनच भांडवल मोजा. किरकोळ विक्री असेल तर वरचं निम्मं विसरा, तिथे पैसा न खपलेल्या मालात अडकतो.

आणि मेव्हण्याचं म्हणाल, तर त्याला ॲडव्हान्स मागायची लाज वाटत नाही हे खरं आहे. पण तो आठ वर्षांचा असल्यापासून वडिलांबरोबर वसुलीला जायचा. लोक कसे टाळतात, वडील कसे हसत तिथेच बसून राहतात, हे त्याने दहा वर्षं बघितलं. त्याला तो रक्त म्हणतो, मी त्याला शिकवणी म्हणतो. फी पडली नाही एवढंच.

मित्र आजही धंद्यात आहे, निम्मे पैसे आधी घेतो. भागीदारी मोडताना सगळं निम्मं-निम्मं वाटलं, फक्त उरलेल्या ६,००० बटणांतली निम्मी घ्यायला त्याने साफ नकार दिला. डबा माझ्याकडेच आहे.