'वुड रश'ला रानलव्हाळा म्हणावे का?

ध्रुवीय वनस्पतींवरच्या एका लेखाच्या भाषांतरात 'स्पाइक्ड वुड रश' हे एका गवतासारख्या वनस्पतीचे नाव आले. यंत्राने 'लाकडाची गर्दी' असे दिले, ते अर्थातच टाकून दिले. पण 'रानलव्हाळा' चालेल का, असा प्रश्न आहे.

यंत्र फसले ते सारख्या स्पेलिंगमुळे. घाईगर्दीचा 'रश' इंग्रजीत फ्रेंचमधून आला, वनस्पतीचा 'रश' मुळातला जुना जर्मानिक शब्द. दोघांचा संबंध नाही. 'वुड' म्हणजेही इथे जंगल.

पण रानलव्हाळाही मला पटत नाही. लव्हाळा नागरमोथ्याच्या कुळातला. त्याचा दांडा बोटांत फिरवा, तीन धारा हाताला लागतात. रशचा दांडा गोल असतो. खरा फरक फुलात आहे. रशचे मोहरीएवढे फूल भिंगाखाली धरले की कोरडी, तपकिरी सहा दले दिसतात, तीन-तीनच्या दोन फेऱ्यांत, जणू लिलीचेच फूल आटून एवढेसे झाले आहे! लव्हाळ्याच्या फुलाला अशी दले नसतात. एकदा हे पाहिल्यावर दोघांना एका नावाखाली घालायला मन धजत नाही.

'रान' तर इथे सरळ दिशाभूल करते. वुड रशच्या प्रजातीतल्या (genus) बऱ्याच वनस्पती झाडांच्या सावलीत वाढतात म्हणून सगळ्यांना 'वुड' चिकटले. ही जात (species) मात्र वृक्षरेषेच्या वर, म्हणजे जिथे झाडे वाढत नाहीत तिथे, उघड्या खडकाळ उतारांवर राहते: ग्रीनलंड, आइसलंड, स्कॉटलंडचे उंच डोंगर, आल्प्स.

वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये तिला जंकस या साध्या रशच्या प्रजातीत घातले होते, द कांदोल या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1805 मध्ये लुझुला या वुड रशच्या प्रजातीत आणले. लुझुला ओळखायची खूण सोपी आहे. पाते गवतासारखे चपटे आणि कडेने लांब पांढरे केस. जंकसला ते नसतात. जंकसच्या बोंडात पुष्कळ बारीक बिया, लुझुलाच्या बोंडात तीनच. 'लुझुला' हे नाव काजव्याच्या इटालियन नावाशी जोडतात. केसांवर दव चमकते म्हणून. इतके देखणे नाव असताना ते बदलावे कशाला?

'लुझुला स्पिकाटा' या शास्त्रीय नावातल्या 'स्पिकाटा'चा अर्थ कणीस असलेली. म्हणून मी 'कणीस-लुझुला' लिहीन. पहिल्या उल्लेखात 'केसाळ पात्यांची, कणीस खाली झुकलेली गवतासारखी वनस्पती' एवढे सांगावे, पुढे नुसते लुझुला.