कुत्र्याच्या स्वेटरचं माप : वाचकांचे प्रश्न

थंडी पडली की मापाचे तेच ते प्रश्न येतात. निवडक प्रश्नांना एकत्र उत्तरं देतो.

मापं कुठली घ्यायची?
मान, छाती, पाठ. मान पट्टा बसतो तिथे, छाती पुढच्या पायांच्या लगेच मागे, पाठ मानेच्या बुडापासून शेपटीच्या बुडापर्यंत. कुत्रा उभा हवा, बसलेला नको.

शिंप्याचा टेप नाही. चालेल?
सुतळी गुंडाळा, फूटपट्टीवर मोजा.

दुकानदार म्हणाला, पगला मीडियमच लागतो. आणला, तर छातीला आवळतो आणि पाठीवर लोंबतो.
जात ऐकून माप सांगणाऱ्याकडून घेऊच नका. एकाचा मीडियम दुसऱ्याचा स्मॉल असतो. पगची छाती रुंद, पाठ आखूड. माप छातीचं धरा, लांबी शिंपी कमी करून देईल. आत दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. नर असेल तर पोटाखालची बाजू आखूड ठेवा, नाहीतर लघवीने भिजते.

आमची लॅब (लॅब्रेडॉर कुत्री) दिवाळीपासून स्वेटरमध्येच असते. आता काखेतले केस गेलेत. शेजारच्या काकू हळद-तेल लावा म्हणतात.
आधी स्वेटर काढा. नागपुरात जानेवारीत पहाटे पारा कधी कधी १० अंशांखाली उतरतो, पण दुपारी २५ च्या वर असतो. लॅबच्या अंगावर मुळातच केसांचे दोन थर आहेत. तिला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ती धापा टाकून अंगातली उष्णता घालवते. स्वेटरमध्ये ती नुसती उकडते. काखेतली कातडी पातळ असते. प्रत्येक पावलाला शिवण तिथेच घासते, मग ओल धरते, चिघळते, आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून घातलेला स्वेटर रोज काढायचा, केस बाजूला करून काख पाहायची. लाल रेघ दिसली की माप चुकलं. हळद-तेल नको, ती चाटेल. केस गोचीड, खरूज किंवा बुरशीनेही जातात. ते अंदाजाने कळत नाही, कातडी खरवडून तपासावी लागते. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा तुमच्या डॉक्टरांकडे याच आठवड्यात न्या. ‘थंडी सरल्यावर बघू’ म्हणू नका.

सात वर्षांच्या कुत्र्याला गेल्या वर्षीचा स्वेटर होत नाही. खाणं तेवढंच आहे.
नवा घेण्याआधी वजन करा. खाणं न वाढता घेर वाढला, तर थायरॉईड तपासावं लागतं. नुसतं पोटच फुगलेलं वाटलं, तर आजच दाखवा.