गनीम म्हणजे अचानक हल्ला करणारा का?

तुमचा प्रश्न असा की, कथेत तुम्ही "अंधाऱ्या बोळातून एक गनीम त्याच्यावर तुटून पडला" असं लिहिलंत, मित्राने ते खोडलं, तर चूक कोणाची? मित्र बरोबर आहे. गनीम म्हणजे शत्रू, बस्स. तो रात्री झोपेत गळा धरो की भर दुपारी नगारे वाजवत येवो, गनीम तो गनीमच.

घोळ होतो 'गनिमी कावा'मुळे. शाळेत आपल्याला हा जोडशब्द आधी भेटतो आणि सुटा गनीम भेटतच नाही. मग अचानकपणा आपण गनिमाच्या अंगाला चिकटवतो. खरं तर तो सगळा 'कावा'मध्ये आहे. कावा म्हणजे घोडा गोल फिरवणं, वळसे देणं. त्यावरून हुलकावणी, डाव, आणि पुढे कावेबाज.

गनीम मूळचा अरबी, आपल्याकडे आला फारसीतून. त्याच धातूचा गनीमत म्हणजे लढाईत मिळालेली लूट. हिंदीवाले "गनीमत है, बच गए" म्हणतात, ती हीच गनीमत. मोगलांच्या कागदांत मराठ्यांना सर्रास गनीम म्हटलंय, आणि मराठी कागदांत तोच शब्द समोरच्या फौजेला. एकाच लढाईत दोन्हीकडे गनीम! पुढे 'गनिमी' हे लढण्याच्या एका पद्धतीचंच नाव झालं. पानिपतच्या आधीचा वाद आठवा. मल्हारराव होळकरांचा कल गनिमी लढाईकडे, इब्राहिमखान गारद्याच्या तोफांवर भिस्त असलेले भाऊसाहेब गोलाच्या लढाईवर, म्हणजे फौजेचा गोल बांधून तोफांच्या आधाराने समोरासमोर लढण्यावर, ठाम. तिथे गनिमीचा अर्थ नुसता 'अचानक' असा नाही. अंगावर न घेता फिरत राहायचं, रसद तोडायची, सोयीचं तेव्हा मारायचं आणि निघून जायचं, एवढं सगळं त्यात येतं.

आता गंमत बघा. अचानक हल्ल्याला मराठीत शब्दांचा तोटा नाही. ५ एप्रिल १६६३च्या रात्री, रमजानचे दिवस असताना, महाराज मोजकी माणसं घेऊन लाल महालात शिरले आणि शाइस्ताखानाची बोटं गेली, तो छापा. २ फेब्रुवारी १६६१ला कारतलबखान फौजेसकट उंबरखिंडीत उतरला आणि दोन्ही बाजूंच्या रानातून मारा सुरू झाला, तो दबा धरून केलेला हल्ला. शिवाय घाला आहे (आता तो बहुतेक अपघाताच्या बातमीत 'काळाचा' होऊनच येतो), झडप आहे, धाड आहे. धाड तर दरोडेखोरांचीही आणि इन्कमटॅक्सवाल्यांचीही. वर "तुला काय धाड भरलीय?" आहेच. झोपलेल्यांवरच्या हल्ल्याला संस्कृतात वेगळा शब्द आहे, सौप्तिक. अश्वत्थाम्याने रात्री पांडवांच्या छावणीत जे केलं, त्यावरून महाभारतातल्या त्या पर्वाचं नावच सौप्तिकपर्व.

पण हे सगळं करणाऱ्या माणसाला? रोजच्या बोलण्यात नेमका शब्द नाही. हल्लेखोर समोरूनही येतो. मारेकरी म्हटलं की जीव घ्यायला आलेला, बहुधा कोणीतरी धाडलेला, असा वास येतो. नुसत्या मारामारीसाठी तो जड. 'छापामार' हिंदीतून आलाय, चालतो, पण मला तो जंगलातल्या टोळीसाठीच बरा वाटतो, बोळातल्या एकट्या माणसाला नाही.

आणि कृपा करून 'गोरिल्ला' लिहू नका. मी मुद्रितशोधनाचं काम करतो. एका हस्तलिखितात "गोरिल्ला पथकाने पूल उडवला" असं होतं, आणि पुढच्या पानावर तेच पथक झाडावर चढलं होतं. शब्द गुरिल्ला किंवा गेरिला, स्पॅनिशमधला, अर्थ 'छोटं युद्ध'. नेपोलियनच्या फौजांशी स्पेनमध्ये १८०८पासून जी झुंज चालली, तिथून तो जगभर गेला. गनिमीशी त्याचं नातं काही नाही, ग-ग सारखे आले इतकंच.

तुमच्या वाक्यापुरतं सांगायचं तर नाम शोधू नका, काम क्रियापदावर सोडा: "बोळाच्या तोंडाशी कोणीतरी दबा धरून बसलं होतं. तो वळला आणि त्याने झडप घातली." फक्त यात 'तो' कोण आणि 'त्याने' कोण हा नवा घोळ झालाय, तेवढा नायकाचं नाव घालून निस्तरा.