पिवळ्या ओळीकडे आधी बघ

प्रिय बेटा,

तुझं पत्र मिळालं. सोयाबीनच्या संकराच्या दुसऱ्या पिढीची, म्हणजे एफ-२ची २०० झाडं, त्यांतली ८० हिरवी राहिली, १२० पिवळी पडली, काय-स्क्वेअरच्या संख्याशास्त्रीय कसोटीत हे नऊ पिवळ्यांना सात हिरवी या दोन जनुकांच्या प्रमाणाला (९:७) जुळलं, म्हणून पिवळा मोझॅक या विषाणूजन्य रोगाच्या प्रतिकारामागे दोन जनुकं आहेत, असं तू लिहिलंस. मी कागद घेऊन आकडेमोड करून पाहिली. १.१४ येतो, बरोबर आहे. पण तुलनेसाठी पेरलेल्या जेएस ३३५ या वाणाच्या ओळींचं काय झालं? चार पानांत त्यांच्याबद्दल एक अक्षर नाही.

हा वाण १९९४ साली जबलपूरहून आला आणि मध्य प्रदेशात, आपल्याकडे शिवारंच्या शिवारं त्याने व्यापली. पिवळ्या मोझॅकला मात्र तो सहज बळी पडतो, म्हणूनच चाचणीत दर काही ओळींनंतर तो पेरायचा. तो पूर्ण पिवळा पडला तरच शेजारच्या हिरव्या झाडाला अर्थ आहे. तोच मधूनमधून हिरवा राहिला असेल, तर तिथे विषाणू घेऊन पांढरी माशी पोचलीच नाही, एवढंच समजायचं. रोग आलाच नाही आणि रोग आला पण झाडाने त्याला थारा दिला नाही, या दोन्ही गोष्टींची नोंदवहीत खूण एकच असते.

आता तुझेच आकडे घे. समज, प्रतिकार एकाच अप्रभावी जनुकाचा आहे, म्हणजे त्याच्या दोन्ही प्रती असल्या तरच तो दिसतो. मग २०० झाडांत साधारण ५० प्रतिकारक निघतील आणि १५० बळी पडतील. या १५०पैकी ३० झाडांवर माशी बसलीच नाही, तर तुझ्या वहीत ८० हिरवी आणि १२० पिवळी येतील. म्हणजे अगदी तुझा आकडा! नुसती ३० निसटलेली झाडं एका जनुकाची दोन जनुकं करून दाखवतात, आणि काय-स्क्वेअर त्यावर मान डोलावतो. पुढे तू त्या दुसऱ्या जनुकासाठी मार्कर, म्हणजे डीएनएतली ओळखखूण, शोधत दोन वर्षं घालवशील, आणि ते जनुक मुळात नसेलच. सोयाबीनमध्ये तर हा धोका जास्त. विल्यम्स ८२ या वाणाचा जनुकसंच २०१०मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा जवळपास तीन चतुर्थांश जनुकं एकापेक्षा जास्त प्रतींत असल्याचं दिसलं. जिथे शोधशील तिथे जुळं काहीतरी सापडतंच.

या विषयावरचे जुने निबंध वाचताना कुठे एक जनुक, कुठे दोन, कुठे अप्रभावी, कुठे प्रभावी असं दिसून तू गोंधळली असशील. थोडा फरक खराच आहे. रोग एकाच विषाणूचा नाही, आणि ग्लायसिन सोजा या रानटी सोयाबीनमधून आलेला प्रतिकार व लागवडीच्या वाणातून आलेला प्रतिकार एकच असेल असं नाही. पण काही फरक नोंदी कशा घेतल्या त्यातूनच आलेला असणार, असं मला ठामपणे वाटतं.

हे इतक्या पोटतिडकीने लिहायला कारण आहे. नोकरीच्या चौथ्या वर्षी माझ्या चाचणीत एक ओळ शेवटपर्यंत हिरवीगार राहिली. मी हरखलो आणि बोरीकाठच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याला तिचं बी दिलं. पुढच्या श्रावणात त्याने बांधावर बोलावून घेतलं. "भाऊ, बठ्ठं पिवयं पडी गयं," एवढंच बोलला. एका बाजूला त्याचा कापूस, दुसऱ्या बाजूला उडीद. पांढरी माशी कापसावरही वाढते, आणि उडीद-मुगाला हाच रोग होतो. घरी येऊन आदल्या वर्षीची वही उघडली. जेएस ३३५च्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'तुरळक'. ती नोंद मी घेतली होती, पण वाचली नव्हती. त्या माणसाचा हंगाम गेला, ते अजून मनात सलतं.

उलटी चूकही होते. धुळ्याच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत पाणी साचलं की सोयाबीनला लोह मिळत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडतात. त्यात शिरा हिरव्या राहतात आणि सखल भागातला पट्टाच्या पट्टा सारखा पिवळा दिसतो. मोझॅकमध्ये आधी कोवळ्या पानावर विखुरलेले भडक पिवळे ठिपके येतात, मग ते पसरत हिरव्या-पिवळ्या चट्ट्यांचं पान होतं. तुझ्या १२०मध्ये अशी लोहाअभावी पिवळी पडलेली किती, हे आता सांगता येणार नाही. पुढच्या वर्षी पेरणीनंतर दर दहा दिवसांनी तूच जा, मजुराला पाठवू नकोस. शेंगदाण्याचा जेएल २४ हा वाण आपल्या जळगावला परदेशी नमुन्यातून निवडला गेला, तेव्हा मार्कर नव्हते. वाफ्यात रोज उभं राहणारी माणसं होती.

यावर उपाय आहे आणि तो अजून तुझ्या हातात आहे. प्रत्येक झाडाच्या शेंगा वेगळ्या ठेव आणि पुढच्या पिढीत, एफ-३ला, झाडागणिक एक ओळ पेर, ओळीत निदान वीस-पंचवीस झाडं. शेजारी कापूस असलेला तुकडा मागून घे आणि जेएस ३३५ चौफेर लाव. हिरव्या ८०पैकी ज्यांची संतती पिवळी पडेल, ती निसटलेली होती. पिवळ्या झाडांचं बीही फेकून देऊ नकोस. जनुक एक असेल तर त्या १२०पैकी साधारण ४० ओळी सगळ्याच्या सगळ्या पिवळ्या पडतील. दोन असतील तर जेमतेम १३. मोझॅकच्या झाडाला शेंगा कमी आणि दाणा बारीक असतो. त्यांच्या एका ओळीला पुरेल एवढं बी मिळेलच असं नाही, तेव्हा मिळेल ते जपून ठेव. बी उन्हात कडकडीत वाळवू नकोस, आपटू नकोस. सोयाबीनचं साल पातळ असतं, उगवण लगेच घसरते.

दसरा होऊन गेला, काढणी तोंडावर असेल. मळणीयंत्र येण्याआधी, आजच शेतावर जा, प्रत्येक झाडाला चिठ्ठी बांध आणि दोनशे कागदी पाकिटं मागवून घे. रविवारी मी धुळ्याला येतोय, कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून आणेन. जेएस ३३५चा रकाना असलेलं वहीचं पान तोवर काढून ठेव, आपण दोघं मिळून वाचू.

अनेक आशीर्वाद.