वाचकांचे प्रश्न : लॉस एंजेलिसचा संघ न्यू जर्सीच्या गटात कसा?

अमेरिकेतील विद्यापीठांच्या क्रीडागटांची, म्हणजे तिथल्या भाषेत कॉन्फरन्सची, जी फेरमांडणी गेल्या काही वर्षांत झाली, तिच्याविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी घेतली आहेत. मुले किंवा भाचे-पुतणे तिकडे शिकायला असल्यामुळे हा विषय आपल्या वाचकांच्या घरापर्यंत पोहोचलेला दिसतो.

प्रश्न : माझी मुलगी लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये शिकते. तिच्या विद्यापीठाचे संघ ‘बिग टेन’ या गटात आहेत आणि न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठही त्याच गटात आहे. देशाच्या दोन टोकांचे संघ एका गटात कशासाठी ठेवतात?
— एक पालक, पुणे

उत्तर : कॉन्फरन्स ही मुळात शेजाऱ्यांची व्यवस्था होती. सामन्यांचे वेळापत्रक, पंच, पात्रतेचे नियम आणि पुढे उत्पन्नाची वाटणी हे सारे जवळपासच्या विद्यापीठांनी मिळून ठरवावे, एवढाच तिचा हेतू होता. बिग टेन १८९६ साली मध्यपश्चिमेतील विद्यापीठांनी स्थापन केली. पश्चिम किनाऱ्यावरच्या पॅक-१२ गटाची मुळे १९१५ पर्यंत मागे जातात. रेल्वेने जाऊन खेळून परत येता यावे, इतपतच त्यांचे विश्व होते.

हे चित्र बदलले ते न्यायालयात. अमेरिकन फुटबॉलचे दूरचित्रवाणी हक्क पूर्वी एनसीएए या मध्यवर्ती संघटनेच्या मुठीत होते आणि कोणता संघ दोन हंगामांत किती वेळा पडद्यावर दिसावा, याचीही मर्यादा तीच ठरवी. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी याविरुद्ध दावा लावला. त्या खटल्यात पुढे आलेले १९८१ मधील एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. ओक्लाहोमा आणि सदर्न कॅलिफोर्निया या नामांकित संघांचा सामना दोनशेहून अधिक केंद्रांवरून दाखवला गेला. त्याच वेळी सिटाडेल आणि ॲपलाचियन स्टेट या लहान संघांचा सामना फक्त चार केंद्रांवरून दिसला. आणि चारही संघांना मोबदला मिळाला तो सारखाच. मोठ्यांना हे खटकणे स्वाभाविक होते. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी एनसीएएचा एकाधिकार मोडीत काढला. विरोधी मत नोंदवणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः तरुणपणी कॉलेज फुटबॉलचे गाजलेले खेळाडू होते, ही गोष्ट मला नेहमी बोलकी वाटत आली आहे. (आपल्याकडे क्रिकेटच्या प्रक्षेपणावरील सरकारी मक्तेदारीला धक्का देणारा निकाल १९९५ मध्ये न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिला. प्रश्न वेगळा होता, पण पैशाचा बांध तिथेही न्यायालयातच फुटला.)

त्यानंतर हक्क विकण्याचे काम हळूहळू कॉन्फरन्सकडे आले आणि तिचे मोल शेजारावर नव्हे, तर प्रेक्षकसंख्येवर ठरू लागले. बिग टेनने २००७ मध्ये स्वतःची वाहिनी सुरू केली. गटातले एखादे विद्यापीठ ज्या भागात असेल, त्या भागातील केबल ग्राहकांकडून या वाहिनीसाठी अधिक दर मिळे, मग ग्राहक सामना पाहो वा न पाहो. २०१४ मध्ये रटगर्स आणि मेरीलँड यांना गटात घेतले गेले ते त्यांच्या फुटबॉलच्या दबदब्यामुळे नव्हे. एक न्यूयॉर्कच्या आणि दुसरे वॉशिंग्टनच्या उंबरठ्यावर आहे म्हणून. पुढे लोक केबल तोडू लागले तेव्हा हिशेब पुन्हा फिरला. लोक जाहिरातींसह ठरल्या वेळीच पाहतात असा कार्यक्रम म्हणजे जवळजवळ फक्त थेट सामना उरला, त्यामुळे बड्या नावांच्या लढतींचे भाव चढले. ३० जून २०२२ रोजी यूएससी (म्हणजेच सदर्न कॅलिफोर्निया) आणि यूसीएलए यांनी पॅक-१२ सोडून बिग टेनमध्ये जाण्याचे जाहीर केले आणि दोनच महिन्यांच्या आत बिग टेनने फॉक्स, सीबीएस व एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा, सुमारे ७०० कोटी डॉलरचा करार केला. आज त्या ‘टेन’मध्ये अठरा विद्यापीठे आहेत.

प्रश्न : मी प्राध्यापक म्हणून निवृत्त झालो. शिक्षणसंस्थांनी प्रक्षेपणाच्या पैशामागे असे धावावे, हे मनाला पटत नाही. हा पैसा जातो कुठे आणि एखादे विद्यापीठ ‘आम्हाला नको’ असे का म्हणत नाही?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपली अस्वस्थता रास्त आहे, मात्र तिला केवळ हाव हे उत्तर पुरत नाही. बहुतेक मोठ्या विद्यापीठांत फुटबॉल हा एकत्र कुटुंबातल्या एकट्या कमावत्या भावासारखा असतो. बास्केटबॉल थोडा हातभार लावतो, पण जलतरण, कुस्ती, टेनिस, नौकानयन, मुलींचे जवळपास सर्व संघ यांचा खर्च फुटबॉलच्या मिळकतीतून निघतो. त्यातला बराच वाटा प्रशिक्षकांच्या पगारात आणि स्टेडियमच्या डामडौलात जिरतो, हेही खरे. अनेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर हा राज्यपाल नसून विद्यापीठाचा फुटबॉल प्रशिक्षक असतो.

आता या खर्चात खेळाडूंच्या मोबदल्याची भर पडली आहे, आणि ती मला सर्वस्वी न्याय्य वाटते. शतकभर ‘हौशी’ या बिरुदाखाली विनावेतन खेळलेल्या मुलांच्या जिवावर बाकीचे सारे श्रीमंत झाले होते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एकमताने एनसीएएविरुद्ध निकाल दिला आणि त्याच वर्षी खेळाडूंना स्वतःच्या नावाचा व छायाचित्राचा व्यापारी वापर करून पैसे मिळवण्याची मोकळीक मिळाली. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या हाउस खटल्याच्या तडजोडीनुसार आजी-माजी खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलरची भरपाई द्यायची आहे. शिवाय २०२५-२६ या वर्षात एकेक विद्यापीठ सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम थेट खेळाडूंना देऊ शकते. ज्याच्याकडे प्रक्षेपणाचा मोठा करार नाही, त्याला ही रक्कम उभी करणे जड जाते; आणि जो ती देऊ शकत नाही, त्याचे चांगले खेळाडू वर्षअखेरीस दुसरीकडे जातात. तेव्हा हावेइतकाच या धावपळीत मागे राहण्याचा धसका आहे.

सार्वजनिक मालकीच्या विद्यापीठांत हा पेच किती टोकाला जातो, हे कॅलिफोर्नियात दिसले. यूसीएलए आणि बर्कली ही दोन्ही एकाच नियामक मंडळाच्या अखत्यारीतील विद्यापीठे. यूसीएलएने गट सोडला आणि बर्कलीचे नुकसान झाले, म्हणून मंडळाने २०२४ मध्ये यूसीएलएला दरवर्षी एक कोटी डॉलर बर्कलीला देण्यास सांगितले.

प्रश्न : आम्ही बरीच वर्षे ओरेगनमध्ये कॉर्व्हॅलिसला राहतो. आमच्या ओरेगन स्टेटला सगळे सोडून गेले, त्याची हळहळ इथे अजून आहे. हे टाळता आले नसते का? आणि पुढे काय?
— एक वाचक, कॉर्व्हॅलिस

उत्तर : आपल्या गावाने हे सारे जवळून पाहिले आहे, म्हणून थोडे तपशिलाने लिहितो. टाळता आले असते, असे माझे मत आहे. मात्र २०२३ च्या उन्हाळ्यात नव्हे, त्याच्या दहा वर्षे आधी. पॅक-१२ ने २०१२ मध्ये आपल्या वाहिन्या काढल्या, त्या पूर्णपणे स्वतःच्या मालकीच्या ठेवून. बिग टेनने फॉक्सला भागीदार केले होते आणि दक्षिणेकडील एसईसी या गटाची वाहिनी ईएसपीएनच्या हाती होती; पॅक-१२ च्या पाठीशी मात्र केबल कंपन्यांना नमवू शकेल असा कोणी नव्हता. डायरेक्टटीव्ही या उपग्रह टीव्ही कंपनीने या वाहिन्या शेवटपर्यंत घेतल्याच नाहीत. पश्चिमेकडील रात्रीचे सामने पूर्वेकडे मध्यरात्रीनंतर संपतात, ही अडचण होतीच.

यूएससी आणि यूसीएलए जाणार हे जाहीर झाल्यावर उरलेल्या दहा जणांना नवा करार हवा होता. तो मिळवण्यात वर्ष गेले. दरम्यान बिग १२ या दुसऱ्या एका गटाने ऑक्टोबर २०२२ मध्येच ईएसपीएन आणि फॉक्स यांच्याशी करार उरकून प्रत्येक सभासदाला वर्षाला सरासरी ३ कोटी १७ लाख डॉलर मिळतील अशी तजवीज केली होती. जुलै २०२३ च्या अखेरीस कोलोरॅडो तिकडे गेले. मग पॅक-१२ च्या नेतृत्वाने ॲपलचा प्रस्ताव मांडला : किमान रक्कम ठरलेली, त्यापुढचे पैसे किती वर्गणीदार मिळतात त्यावर अवलंबून. ४ ऑगस्टला वॉशिंग्टन आणि ओरेगन यांनी बिग टेनचा रस्ता धरला, तोही पूर्ण वाट्याऐवजी सुरुवातीला साधारण निम्म्या वाट्यावर. त्याच दिवशी ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ मध्ये गेले. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कली यांना अटलांटिक किनाऱ्यावरच्या एसीसीने घेतले. म्हणजे अवघ्या पाच-सहा आठवड्यांत शंभर वर्षांहून जुन्या गटात ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट एवढेच उरले. त्यांचा खेळ वाईट होता असे नाही. कॉर्व्हॅलिस आणि पुलमन या लहान गावांत टीव्हीवाल्यांना पुरेसा प्रेक्षक दिसत नव्हता.

उरलेल्या दोघांनी मात्र हातपाय गाळले नाहीत. जाणाऱ्या दहा जणांनी संचालक मंडळावर बसून गटाची गंगाजळी वाटून घेऊ नये, म्हणून ते पुलमनजवळच्या कोलफॅक्स या छोट्या गावातील जिल्हा न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये मंडळाचा ताबा त्यांना मिळाला. वरच्या न्यायालयानेही तो आदेश उलटवला नाही. पुढे तडजोडीत जाणाऱ्यांना एकूण साडेसहा कोटी डॉलरवर पाणी सोडावे लागले. फुटबॉलच्या सर्वोच्च विभागात किमान आठ सभासद लागतात, पण दोन वर्षांची सवलत असते. तिचा आधार घेऊन या दोघांनी दोन हंगाम दोघांचीच कॉन्फरन्स चालवली. जुलै २०२६ पासून बॉइझी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, युटा स्टेट, टेक्सस स्टेट आणि फुटबॉल न खेळणारे गोंझागा अशी भरती ठरली. यांतील पाच विद्यापीठे माउंटन वेस्ट या शेजारच्या गटातून ओढलेली आहेत. आपली हळहळ समजते. तशीच हळहळ आता माउंटन वेस्टमध्ये मागे राहिलेल्या वायोमिंग आणि न्यू मेक्सिकोतही असेल.

प्रश्न : बिग टेन आणि एसईसी मिळून एनसीएएतून फुटतील का? युरोपातील सुपर लीगसारखे काही होईल का?
— एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : फुटण्याची त्यांना सध्या गरजच नाही. टेक्सस आणि ओक्लाहोमा आल्यापासून एसईसीचे सोळा सभासद आहेत आणि २०२६ पासूनच्या करारात राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या प्लेऑफ सामन्यांच्या उत्पन्नातील जवळजवळ ५८ टक्के वाटा हे दोनच गट घेणार आहेत. घरात राहूनच तिजोरीची किल्ली मिळत असेल, तर वेगळी चूल कोण मांडेल? युरोपातील बड्या फुटबॉल क्लबांची सुपर लीग २०२१ मध्ये चाहत्यांच्या संतापामुळे दोन-तीन दिवसांत कोसळली, कारण ती एका रात्रीत जाहीर झाली होती. अमेरिकेत तेच काम चाळीस वर्षे हप्त्याहप्त्याने चालले आहे. शिवाय चाहत्यांना मधूनमधून काही परतही मिळते : टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम यांची २०११ नंतर बंद पडलेली लढत २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट यांची मात्र २०२३ नंतर थांबली.

प्रश्न : माझी मुलगी राज्य पातळीवर टेनिस खेळते. अमेरिकेत क्रीडा शिष्यवृत्तीसाठी प्रयत्न करायचा विचार आहे. या उलथापालथीचा तिच्यावर परिणाम होईल का?
— एक पालक, कोल्हापूर

उत्तर : होईल, आणि फुटबॉलपटूवर होतो त्यापेक्षा अधिक. फुटबॉलचा संघ आठवड्यातून एकदा, बहुधा शनिवारी, खास विमानाने जाऊन खेळतो. टेनिस, व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल यांचे सामने संख्येने कितीतरी जास्त आणि पुष्कळदा आठवड्याच्या मधल्या दिवशी असतात. लॉस एंजेलिसहून न्यू जर्सी म्हणजे सुमारे चार हजार किलोमीटर, पाच-सहा तासांचे उड्डाण आणि घड्याळात तीन तासांचा फरक. परतल्यावर दुसऱ्या सकाळी प्रयोगशाळेत हजर राहायचे. ज्या करारासाठी हे सगळे झाले, त्या करारात टेनिसच्या सामन्यांची किंमत जवळजवळ शून्य आहे.

तरीही हा मार्ग सोडू नये. पुढे हांगझोऊ आशियाई क्रीडास्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर सुवर्णपदक मिळवणारी आपली ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एमच्या संघातून खेळली. सोमदेव देववर्मनने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ असे लागोपाठ दोनदा एनसीएएचे एकेरी विजेतेपद मिळवले. निवड करताना मात्र विद्यापीठाच्या नावापेक्षा संघाचे वेळापत्रक आधी पाहावे. ते प्रत्येक संघाच्या संकेतस्थळावर असते. गेल्या वसंत हंगामातील बाहेरगावचे सामने कोणत्या वारी आणि किती दूर होते, हे त्यावरून तासाभरात कळते. प्रशिक्षकाला दोन गोष्टी लेखी विचाराव्यात : शिष्यवृत्ती पूर्ण आहे की अंशतः, आणि ती किती वर्षांसाठी आहे. हाउस तडजोडीनंतर ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत शिष्यवृत्त्यांच्या संख्येऐवजी संघातील खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आली आहे. त्यामुळे शिष्यवृत्त्या वाढवण्यास वाव आहे, पण पैसे फुटबॉलकडे वळवण्यासाठी टेनिसचा संघच गुंडाळण्याचा मोहही आहे. आयव्ही लीगची विद्यापीठे क्रीडा शिष्यवृत्ती देतच नाहीत. तिथे कौटुंबिक उत्पन्नानुसार मिळणाऱ्या मदतीचाच विचार करावा लागेल.

खेळाडूंना आता मिळू लागलेल्या जाहिरातींच्या पैशाचा हिशेब आपल्या अंदाजपत्रकात धरू नये. एफ-१ व्हिसावर असलेल्या विद्यार्थ्याच्या कामावर कडक बंधने असतात आणि असे पैसे घेतल्यास व्हिसाच धोक्यात येऊ शकतो; कोणतीही सही करण्यापूर्वी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचे मत लेखी घ्यावे.